कपाटाबरोबर आलेल्या पाटल्या

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. गिऱ्हाइकांचे कपडे ठेवायला दिवाळीनंतर एक जुनं लोखंडी कपाट घेतलं, जुन्या फर्निचरवाल्याकडून, 3,200 रुपयांना. रंग मारण्याआधी मिस्टर गंज घासत होते, तेव्हा लॉकरच्या तळाचा पत्रा हलला. खाली एक कापडी बटवा निघाला. त्यात दोन पाटल्या, एक बोरमाळ, सराफाचं 1994 सालचं बिल आणि वहीच्या कागदावरची चिठ्ठी : ‘हे माझ्या नातीला तिच्या लग्नात घालावे.’ खाली सही. सगळं मिळून पाच तोळ्यांच्या आसपास भरेल. एक पाटली सराफाला दाखवली, सोनं चोख आहे म्हणाला.

फर्निचरवाल्याकडून कळलं की कपाट आमच्याच भागातल्या एका घरचं. आजी वारल्या, मुलाने घर बिल्डरला द्यायचं म्हणून सामान काढून टाकलं. तिथली शेजारीण सांगते, शेवटच्या आजारपणात मुलाने आईकडे पाहिलंसुद्धा नाही, कराडची मुलगीच येऊन-जाऊन करत होती. नात तिचीच, बारावीला आहे.

मिस्टर म्हणतात, कपाट विकत घेतलं म्हणजे आतलंही आपलं. सासूबाई म्हणतात, चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी अजून भरायची आहे. द्यायचंच तर कोणाला? त्या मुलाला द्यायला हात धजत नाही. नातीला गुपचूप द्यावं का? की अंबाबाईच्या पेटीत टाकून मोकळं व्हावं? मिस्टरांचं आता असंही चाललंय की मुलाला सोनं द्या, पण चिठ्ठी फाडून टाका, भाऊ-बहिणीत भांडण नको. पाच आठवडे झाले, मला झोप नाही. नाव छापू नये.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात मिस्टर काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, शेजारीण आहे, सराफ आहे. पण ‘हे आता आमचं झालं’ असं तुमच्या स्वतःच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ‘ठेवू का?’ असं तुम्ही विचारलेलंच नाही, ‘कोणाला देऊ?’ असं विचारलंय. तेव्हा ठेवण्याचा विषय आधी उरकते. तुमच्यापेक्षा तो मिस्टरांसाठीच जास्त आहे, तेवढा भाग त्यांना वाचून दाखवा.

कपाट घेतलं म्हणजे आतलंही घेतलं, हा युक्तिवाद फार जुना आहे. 1841 साली इंग्लंडमध्ये ‘मेरी विरुद्ध ग्रीन’ नावाचा खटला चालला होता. एका गृहस्थाने लिलावात लिहायचं जुनं टेबल-कपाट घेतलं, त्याच्या चोरकप्प्यात पैशांनी भरलेली थैली निघाली आणि त्याने ती खिशात घातली. न्यायाधीश म्हणाले, विकणाऱ्याने कपाट विकलं. थैली आत आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं, मग ती त्याने विकली कशी? घेणाऱ्यालाही ती असल्याचं माहीत नव्हतं, म्हणजे त्यानेही ती विकत घेतली नाही. फक्त एक फाटा त्यांनी मोकळा ठेवला : ‘आतल्या सामानासकट’ विकतोय असं लिलावात सांगितलं गेलं असेल आणि घेणाऱ्याचा तसा प्रामाणिक समज झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तुमचा फर्निचरवाला म्हणाला असेल ‘जसं आहे तसं घ्या’, पण जुन्या फर्निचरच्या दुकानात ‘जसं आहे तसं’ याचा अर्थ गंज, पोचे आणि नीट न लागणारं दार. पाच लाखांच्या पुढचं सोनं त्यात बसत नाही आणि 3,200 रुपये मोजताना मिस्टरांच्याही मनात ते नव्हतं.

आपल्याकडचा कायदाही याच वाटेने जातो. 1860 च्या दंडविधानात सापडलेल्या वस्तूंची काही उदाहरणंच दिलेली होती. हमरस्त्यावर पडलेला रुपया उचलला, कोणाचा ते कळायला मार्ग नाही, तर गुन्हा नाही. पण मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा काहीही शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 314 व्या कलमात ही तरतूद आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याला लागूनचं 315 वं कलम तर तुमच्यासमोर कपाट उघडं ठेवून लिहिल्यासारखं आहे : माणूस मरताना जी वस्तू त्याच्या ताब्यात होती आणि जी अजून कोणा हक्कदाराच्या हाती गेलेली नाही, ती अप्रामाणिकपणे आपलीशी करणं. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

घाबरू नका. वस्तू सापडणं हा गुन्हा नाही आणि मालकाला पोचवायची म्हणून जपून ठेवणं हाही नाही. तुम्ही काही विकलेलं नाही, गहाण ठेवलेलं नाही. पण मालक कोण हे कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या बाजूने बोलत नाही. पाच आठवडे ‘विचार करत होतो’ म्हणून खपतील, पाच महिने खपणार नाहीत. पाटली पुन्हा कुठल्या सराफाला दाखवायला तर एकटीने मुळीच जाऊ नका.

सासूबाईंशी मात्र कायद्याने बोलू नका. त्यांच्या पिढीने तंगी पाहिली आहे आणि फी भरायची राहिली असताना घरात सोनं निघणं हा त्यांना देवाचा कौलच वाटणार. त्यांना एवढंच विचारा, ‘तुमच्या पाटल्या अशा कोणाच्या घरी गेल्या असत्या तर?’ उत्तराची वाट पाहत बसू नका. विचारून स्वयंपाकाला लागा.

‘आजकाल कोण परत करतं’ असंही घरात कोणी म्हणालं असेलच. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 देशांतल्या 355 शहरांत, त्यात भारतही होता, बँका, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणच्या काउंटरवर ‘रस्त्यात सापडलं’ म्हणून 17,000 हून अधिक पाकिटं देण्यात आली. प्रत्येकात मालकाचा पत्ता. पैसे नसलेल्या पाकिटांसाठी सुमारे 40 टक्के वेळा मालकाशी संपर्क झाला. पैसे असलेल्यांसाठी? 51 टक्के. रक्कम असली की माणसं जास्त परत करतात, कारण ठेवून घेतलं तर आपणच आपल्याला चोर वाटू लागतो. तुमची झोप गेली आहे ती यामुळेच. पाटल्यांऐवजी आत स्टीलचा चमचा निघाला असता तर तुम्ही तो धुऊन मांडणीत लावला असता.

आता देवीची पेटी. यावर जरा तोडून बोलते, राग मानू नका. दुसऱ्याची वस्तू देवाला दिली तर ते दान होत नाही. तुमचा प्रश्न सुटतो, पण त्या घरातून पाच तोळे कायमचे जातात आणि त्यांना ते कधी कळतही नाही. नवस कोणी केला, पुण्य कोणाला आणि सोनं कोणाचं, याचा कशाला कशाशी मेळ नाही. अंबाबाईला दर्शनाला जरूर जा. सोबत बटवा नको.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे आणि तो अवघड आहे, हे मान्य करते. ज्या बाईचं सोनं होतं त्या गेल्या. मग ‘परत’ म्हणजे कोणाला?

तुमच्या मनात याचा निकाल लागून गेलेला दिसतो. मुलगा वाईट, मुलगी चांगली, नातीच्या नावाची चिठ्ठी आहे, म्हणजे नातीला द्यावं. तुमच्या जागी मलाही पहिल्यांदा हेच सुचलं असतं. पण या निकालाला पुरावा काय, तर एका शेजारणीचं बोलणं. ती खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही. आजारपणात मुलगा दिसला नाही, हे तिने पाहिलं असेल. तो पैसे पाठवत होता का, आई-मुलाचं कशावरून बिनसलं होतं, सुनेचं काय, हे शेजारच्या गॅलरीतून दिसत नाही. आणि समजा तो खरंच नालायक मुलगा आहे. तरी त्याचा हिस्सा काढून घेण्याचा अधिकार कपाट विकत घेणाऱ्याकडे कुठून आला? तुमच्याकडे शिवायला आलेल्या साडीचं उरलेलं अस्तर तुम्ही बाईच्या वागणुकीवरून परत करता का? भांडखोर गिऱ्हाइकाचंही कापड पिशवीत घालून देताच ना?

कायद्याने पाहिलं तर चित्र असं आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या विवाहित बाईची मालमत्ता सर्वांत आधी तिची मुलं, मुली आणि नवरा यांच्याकडे समान वाट्याने जाते. आजोबा हयात नसतील आणि दुसरी भावंडं नसतील, तर हे दागिने निम्मे मुलाचे आणि निम्मे कराडच्या मुलीचे. आई हयात असताना नातीचा थेट हिस्सा नाही. आणि चिठ्ठी? साध्या वहीच्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तुमच्या चिठ्ठीवर फक्त आजींची सही आहे. म्हणजे कोर्टात ती मृत्युपत्र म्हणून उभी राहणार नाही.

म्हणून नातीला गुपचूप देणं हे दिसायला सर्वांत प्रेमळ आणि करायला सर्वांत चुकीचं. मामाचा निम्मा हिस्सा तुम्ही परस्पर भाचीला देऊन टाकाल. बारावीतली पोर पाच तोळे सोनं घेऊन घरी काय सांगणार? उद्या मामाला कळलं की त्या मुलीवर चोरीचा आळ आणि तुमच्यावरही. आजींनी जिच्यासाठी जपून ठेवलं, तिच्याच गळ्यात तुम्ही ते भांडण घालाल.

एकट्या मुलाला सोनं देऊन चिठ्ठी फाडणं, हा मिस्टरांचा दुसरा बेत, मला पहिल्यापेक्षा जास्त खटकला. पहिल्यात निदान हाव सरळ दिसते. दुसऱ्यात वाटतं की आपण प्रामाणिकपणे वागलो. पण बटव्यात चार वस्तू नव्हत्या का? पाटल्या, बोरमाळ, बिल आणि चिठ्ठी. त्यातली एक काढून बाकीच्या दिल्या तर परत अर्धंच केलं. चिठ्ठीला कोर्टात किंमत नसेल, पण ती वाचून मुलाचा हात थांबू शकतो, ‘आईची इच्छा आहे, ताई, तूच ठेव’ असं तो म्हणू शकतो. म्हणेलच असं नाही. पण तो म्हणेल की नाही हे त्याने ठरवायचं, आणि फाटलेल्या कागदावर तो काय ठरवणार? लॉकरच्या तळाला दुसरा पत्रा बसवून घेणाऱ्या त्या आजींनी काहीतरी विचार करूनच हे लिहिलं असणार. दागिन्यांचा भाव सराफ सांगतो. या दोन ओळींचा कोण सांगणार?

भांडण होईल ही भीती रास्त आहे, होईलही. पण घर बिल्डरला जातंय म्हणजे त्या भाऊ-बहिणीत वाटणीचं बोलणं आधीच सुरू असेल, ते काही तुमच्या बटव्याने सुरू होणार नाही.

तेव्हा दोघांना एकाच वेळी कळवायचं आणि दोघांच्या समोर द्यायचं. हे कसं करायचं ते नीट सांगते, कारण चांगल्या मनाने परत करणारी माणसं पुष्कळदा इथेच अडकतात. ‘आणखी होतं, तुम्ही काढून घेतलंत’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. ते कोणी म्हणालं तर तुमच्याकडे कागद हवा.

आज संध्याकाळी सगळ्या वस्तू पांढऱ्या चादरीवर मांडून फोटो काढा, चिठ्ठी आणि बिल वाचता येईल असे. कपाटाचा तो हललेला पत्राही फोटोत घ्या आणि तो अजून जागेवर असेल तर रंगकाम थांबवा. बिलावरचं वजन लिहून घ्या. मग मिस्टरांना आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन सराफाकडे जा आणि प्रत्येक दागिन्याचं वजन त्याच्या कागदावर तारखेसह लिहून घ्या. दोन-चारशे रुपये मागितले तर द्या. उजाळायला देऊ नका. उजाळताना थोडं वजन जातं आणि मग तेवढ्या गुंजांवरून महाभारत होतं.

मुलाचा नंबर फर्निचरवाल्याकडे असेल, मुलीचा शेजारणीकडे. फर्निचरवाल्याला नंबर का हवा हे सविस्तर सांगू नका, ‘आजींचे काही कागद राहिलेत’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. त्याचा यात वाटा नाही, त्यानेही फक्त कपाटच घेतलं होतं. नंबर मिळाले की दोघांना एकाच दिवशी, एकापाठोपाठ फोन करा. आधी मुलीला का मुलाला, यात गुंतू नका, ज्याचा लागेल त्याला. सांगायचं एवढंच : ‘तुमच्या आईच्या कपाटात काही मौल्यवान वस्तू आणि त्यांच्या हातची एक चिठ्ठी सापडली आहे. तुम्हा दोघांसमोरच द्यायची आहे. तुमच्या भावालाही / बहिणीलाही असाच फोन करते आहे.’ ‘मी एकटाच येतो, बहिणीला कशाला त्रास’ असं मुलगा म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. मुलगी म्हणाली ‘दादाला सांगू नका’, तर तिलाही तेवढ्याच नम्रपणे नाही म्हणा. हे दुसरं तुम्हाला जड जाईल, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि आजोबा किंवा आणखी एखादं भावंड आहे का, हे दोघांनाही विचारून घ्या. असलं तर त्यांनाही त्याच दिवशी फोन.

बोलवायचं तुमच्या घरी, दिवसाढवळ्या. तो जाणता शेजारी हजर हवा. वस्तूंची यादी, वजनं, चिठ्ठीतला मजकूर शब्दशः, तारीख, आणि खाली ‘वरील सर्व वस्तू आम्हाला मिळाल्या’ असं लिहून सगळ्यांच्या सह्या. साधा कागद चालतो. त्याची एक प्रत तुमच्याकडे. चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या, त्यांना वाचू दे. कोणी काय घ्यायचं यावर तुमच्या दिवाणखान्यात चर्चा सुरू झाली, तर चहा करायला आत जा आणि मत विचारलं तरी देऊ नका. शेजारणीने काय सांगितलं ते तर अजिबात नको.

दोघं एकत्र यायला तयारच नसतील, किंवा आल्यावर प्रकरण हातघाईवर गेलं, तर बटवा घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा, हकीकत लेखी द्या आणि वस्तूंची नोंद करून पोच घ्या. पुढे त्यांचं ते बघतील.

वर्तमानपत्रात मात्र कळवू नका. रिक्षावाल्याने बॅग परत केली, कचरा वेचणाऱ्या बाईने मंगळसूत्र परत केलं, की ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ असा मथळा येतो आणि शाल-श्रीफळाचा फोटो. गरिबाने परत केलं की आपल्याला एवढं आश्चर्य का वाटतं, हा मला दरवेळी पडणारा प्रश्न. ते असो. तुमच्या बाबतीत त्या बातमीने एका घरातली आईची चिठ्ठी गावभर होईल.

आता फीचं. बक्षीस मागू नका, पण त्यांनी आपणहून काही दिलं तर ‘नको नको’चा खेळही करू नका, घ्या. कायद्यानेही सापडलेल्या वस्तूच्या मालकाचा शोध घेण्यासाठी झालेला खर्च आणि त्रास याची भरपाई मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याची मुभा आहे. 1872 च्या करार कायद्याचं 168 वं कलम. त्यासाठी दावा मात्र लावता येत नाही. तुमच्या बाबतीत वजन करायचे दोनशे रुपये कोणी अडवून धरणार नाही, म्हणून ते कलम माहीत असू द्या, वापरू नका.

पण फी बक्षिसावर अवलंबून ठेवू नका. मुलाचा प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर भरला आहे का, ते आधी बघा. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम त्यातून मिळते, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. पहिल्या वर्षी भरला होता म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप होत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि पुष्कळ घरांत फी अडते ती इथेच. उरलेल्या रकमेसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, 4 लाखांपर्यंत पदरचा हिस्साही भरावा लागत नाही. कॉलेजच्या कार्यालयात हप्त्यांसाठी अर्ज द्या, लेखी द्या, आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

फोन मात्र अर्जांच्या आधी. येत्या रविवारी दोघंही येऊ शकतात का, एवढं आजच विचारा. मुलीला कराडहून यायचं आहे, तेव्हा वेळ सकाळी अकराच्या पुढची द्या.